समांतर प्रोग्राम खरंच किती वेगाने धावतो? मोजमाप करायची पद्धत, पायरीपायरीने

चार थ्रेडवर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या चार धाग्यांवर, चालणारा पहिला प्रोग्राम लिहिला, तेव्हा वेळ मोजायला मी सी भाषेतलं क्लॉक हे फंक्शन वापरलं होतं. आकडा आला तो एका थ्रेडच्या वेळेपेक्षा थोडा जास्तच. दोन दिवस मी लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारी कुलपं) काढून बघितले, लूपची उलटापालट केली, कंपायलरला दोष दिला. प्रोग्राम मात्र सुरुवातीपासून जवळपास चौपट वेगाने धावत होता. लिनक्सवर हे फंक्शन सगळ्या थ्रेडनी मिळून वापरलेला प्रोसेसरचा वेळ सांगतं. चार थ्रेडनी प्रत्येकी दहा सेकंद काम केलं, की उत्तर येतं चाळीस. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत तेच फंक्शन भिंतीवरच्या घड्याळासारखी, उलटलेली वेळ देतं. म्हणजे तोच कोड दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी मोजतो, आणि तक्रार कुठेच येत नाही.

हा लेख अशा चुका टाळण्यासाठी आहे. ओपनएमपी (काम थ्रेडमध्ये वाटून देणारी प्रणाली) किंवा नुसते थ्रेड वापरून अनेक कोअरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणन-केंद्रांवर, चालणारा प्रोग्राम तुमच्याकडे आहे आणि तो ‘किती चांगला’ हे आकड्यांत सांगायचं आहे, असं मी धरून चालतो. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं: स्पीडअप, म्हणजे प्रोग्राम किती पट वेगवान झाला ते सांगणारा आकडा, हा भागाकार आहे: एका कोअरवरची वेळ भागिले अनेक कोअरवरची वेळ. भाजक लहान झाल्याने तो वाढतो, तसाच भाज्य फुगवल्यानेही वाढतो. सेकंद मात्र असे फुगत नाहीत. म्हणून आधी सेकंद, मग स्पीडअप.

पायरी १: नक्की काय विचारायचं आहे ते ठरवा

प्रश्न दोन प्रकारचे असतात. पहिला: तेवढंच काम जास्त कोअर लावून किती लवकर होईल? दुसरा: तेवढ्याच वेळात जास्त कोअर लावून किती मोठं काम होईल? हवामानाचं प्रारूप चालवणाऱ्याला बहुधा दुसरा प्रश्न पडतो, कारण कोअर वाढले की तो जाळी अधिक बारीक करतो. विनंतीला चटकन उत्तर द्यायचं असेल तर प्रश्न पहिला. दोन्हींची मोजणी वेगळी आणि आलेखही वेगळा. पहिल्याची मोजणी करून दुसऱ्याचं उत्तर दिल्यासारखं भासवणं ही या क्षेत्रातली जुनी खोड आहे. डेव्हिड बेली यांनी १९९१ मध्ये समांतर संगणकांचे आकडे सजवून दाखवायच्या युक्त्यांची एक उपरोधिक यादीच छापली होती, आणि तिच्यातल्या बऱ्याच युक्त्या आजही जशाच्या तशा दिसतात.

पायरी २: उत्तर बरोबर येतंय का, ते आधी पाहा

चुकीचं उत्तर वेगाने देणारा प्रोग्राम मोजण्यात अर्थ नाही. पण ‘बरोबर’ कशाला म्हणायचं हेही ठरवावं लागतं. दशांश संख्यांची बेरीज समांतर केली की बेरजेचा क्रम बदलतो आणि शेवटचे काही अंक वेगळे येतात. ही चूक नव्हे, संगणकातल्या अंकगणिताचा स्वभाव आहे. क्रमिक, म्हणजे एकामागून एक काम करणाऱ्या, प्रोग्रामच्या उत्तराशी तंतोतंत जुळणी मागू नका. सापेक्ष फरकाची मर्यादा ठरवा आणि प्रत्येक धावेनंतर ती तपासा. या तपासणीचा आणखी एक फायदा आहे: उत्तर कुठेच वापरलं नाही, तर हुशार कंपायलर अख्खा लूपच काढून टाकतो आणि तुम्हाला शून्य सेकंदांचा चमत्कार दिसतो.

पायरी ३: घड्याळ निवडा

ओपनएमपीत उलटलेली वेळ देणारं स्वतःचं फंक्शन आहे, एमपीआयमध्येही (वेगवेगळ्या प्रक्रियांना एकमेकींना संदेश पाठवू देणारी प्रणाली) आहे. नुसते थ्रेड वापरत असाल तर लिनक्सचं एकदिश घड्याळ घ्या, म्हणजे सतत पुढेच जाणारं. तारीख-वेळ दाखवणारं घड्याळ नको. मधेच नेटवर्कवरून वेळ दुरुस्त झाली तर ते मागेही जाऊ शकतं.

मोजायचा भाग निदान एखादा सेकंद चालेल एवढं काम द्या. काही मायक्रोसेकंदांचं काम मोजलं तर घड्याळ वाचण्याचा खर्च आणि थ्रेड जागे करण्याचा खर्चच मोजला जातो. तिथे नाकापेक्षा मोती जड.

अनेक प्रक्रिया असतील, तर सुरुवातीला बॅरियर (सगळे पोहोचेपर्यंत थांबवून ठेवणारा अडसर) लावून सगळ्यांना एका रेषेत आणा आणि शेवटी सगळ्यांच्या वेळांपैकी सर्वांत मोठी वेळ घ्या. सरासरी घेऊ नका. वापरणाऱ्याला शेवटची प्रक्रिया संपेपर्यंत थांबावंच लागतं.

पायरी ४: तुलनेचा पाया प्रामाणिक ठेवा

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, आणि बहुतेक वेळा ती स्वतःचीच असते. स्पीडअप काढताना अंशस्थानी काय घ्यायचं? सोपा मार्ग असा की समांतर प्रोग्रामच एका थ्रेडवर चालवायचा आणि ती वेळ घ्यायची. पण त्या प्रोग्रामात समांतरतेसाठी केलेली जादा कामं, म्हणजे लॉक, तुकडे पाडणं, ते पुन्हा जोडणं, एका थ्रेडवरही चालूच राहतात. खरा पाया म्हणजे त्याच प्रश्नाचा उपलब्ध असलेला सर्वांत वेगवान क्रमिक प्रोग्राम. अनेकदा त्याचा अल्गोरिदमही वेगळा असतो.

हे आकड्यांत बघू. समजा समांतर प्रोग्राम एका थ्रेडवर १२० सेकंद घेतो आणि १६ कोअरवर १२.६ सेकंद. भागाकार ९.५२. पण तेच काम उत्तम क्रमिक प्रोग्राम ९६ सेकंदांत करत असेल, तर वापरणाऱ्याचा खरा फायदा ९६ ÷ १२.६, म्हणजे ७.६ पट एवढाच. दोन्ही आकडे द्यायला हरकत नाही, त्यांना नावं मात्र वेगळी द्या: पहिला सापेक्ष स्पीडअप, दुसरा निरपेक्ष.

कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद ठेवून घेतलेला स्पीडअप हमखास देखणा दिसतो. त्याचं कारण सरळ आहे: प्रत्येक कोअरचं गणित इतकं मंदावतं की मेमरीची अडचण पुढे येतच नाही. क्रमिक आणि समांतर, दोन्ही प्रोग्राम त्याच कंपायलरने, त्याच ऑप्टिमायझेशनसह बांधा.

पायरी ५: यंत्र शांत करा

आधी यंत्र ओळखा. लिनक्सवर एलएससीपीयू ही आज्ञा सॉकेट (प्रोसेसर बसवायच्या जागा) किती, कोअर किती, एका कोअरवर थ्रेड किती आणि कॅशे (प्रोसेसरमधली छोटी, वेगवान मेमरी) केवढा हे सांगते. ‘१६ प्रोसेसर’ दिसतात म्हणून १६ कोअर असतीलच असं नाही. ८ कोअर आणि प्रत्येकावर दोन हार्डवेअर थ्रेड, अशीही मांडणी असू शकते. एका कोअरवरचे दोन थ्रेड तीच गणनयंत्रणा आणि तोच कॅशे वाटून घेतात, त्यामुळे ८ वरून १६ वर जाताना दुपटीची अपेक्षा ठेवली तर निराशाच पदरी येईल. आधी एका कोअरवर एकच थ्रेड ठेवून मोजा. दुसरे थ्रेड हा स्वतंत्र प्रयोग समजा.

आता थ्रेड जागेवर बांधा. मोकळे सोडलेले थ्रेड ऑपरेटिंग सिस्टिम इकडून तिकडे हलवते, कॅशेमधला माल मागे राहतो आणि दोन धावांच्या वेळा जुळत नाहीत. ओपनएमपीत ओएमपी_प्लेसेस आणि ओएमपी_प्रॉक_बाइंड हे दोन पर्यावरण-चल त्यासाठीच आहेत. इतर प्रोग्रामसाठी टास्कसेट किंवा न्यूमासीटीएल या लिनक्सच्या आज्ञा चालतात. थ्रेड एकमेकांजवळ ठेवायचे की दोन सॉकेटवर पसरायचे, यानेही निकाल बदलतो. जे कराल ते नोंदवून ठेवा.

दोन सॉकेटच्या यंत्रात आणखी एक खाच आहे. मेमरीचं पान (मेमरी ज्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत वाटली जाते तो एक तुकडा) प्रत्यक्षात कोणत्या सॉकेटजवळ जाईल हे लिनक्स ते पान मागितल्यावर ठरवत नाही. त्याला पहिल्यांदा जो थ्रेड हात लावतो, त्याच्याजवळ ते जातं. अॅरेमध्ये सुरुवातीचे शून्य एकाच थ्रेडने भरले, तर सगळा डेटा एका सॉकेटला चिकटतो आणि दुसऱ्या सॉकेटचे कोअर प्रत्येक वाचनासाठी पलीकडे धावतात. उपाय अगदी साधा: ज्या वाटणीने पुढे काम होणार आहे, त्याच वाटणीने अॅरेची सुरुवातही समांतर करा. एवढ्या एका बदलाने ‘आमचा अल्गोरिदम ८ कोअरच्या पुढे जातच नाही’ हे रडगाणं थांबलेलं मी पाहिलंय.

राहता राहिला टर्बो. एकच कोअर काम करत असेल तर आधुनिक प्रोसेसर त्याचा वेग वाढवतो. सगळे कोअर जुंपले की उष्णता आणि विजेच्या मर्यादेमुळे प्रत्येकाचा वेग उतरतो. म्हणजे एका कोअरची वेळ धावपटूची आणि सोळांची वेळ ओझं वाहणाऱ्यांची. अल्गोरिदमचा गुण तपासायचा असेल तर वारंवारता स्थिर ठेवून मोजा. वापरणाऱ्याचा अनुभव सांगायचा असेल तर टर्बो चालू ठेवा आणि तसं लिहा. लॅपटॉपवर तर दहा मिनिटांनंतरचे आकडे पहिल्या मिनिटाशी जुळत नाहीत, म्हणून धावांचा क्रम १, २, ४, ८ असा न ठेवता उलटसुलट करा. नाहीतर तापलेल्या यंत्राचा दोष नेमका मोठ्या संख्यांच्या माथी बसतो.

पायरी ६: किती वेळा, आणि कोणता आकडा घ्यायचा

पहिली धाव टाकून द्या. थ्रेडचा गट पहिल्या समांतर भागात तयार होतो, मेमरीची पानं तेव्हाच हाताशी येतात आणि कॅशे रिकामा असतो. त्यानंतर निदान दहा धावा घ्या. सगळ्या नोंदी फाइलमध्ये ठेवा, पडद्यावर बघून सोडून देऊ नका.

कोणता आकडा सांगायचा, यावर मतभेद आहेत. वेळेतला गोंधळ नेहमी एकाच बाजूचा असतो. इतर कामांच्या अडथळ्याने धाव लांबते, लहान कधी होत नाही. म्हणून सर्वांत कमी वेळ म्हणजे अल्गोरिदमची खरी क्षमता, असं एक मत. पण लॉकवरची झोंबाझोंबी हा अडथळा तुमच्या प्रोग्रामचाच असतो, आणि किमान वेळ नेमका तो लपवते. मी मध्यक (वेळा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी) घेतो आणि सोबत सर्वांत लहान व सर्वांत मोठी वेळ देतो. मध्यक आणि कमाल यांच्यात मोठी तफावत दिसली, तर आलेख काढायच्या आधी तिचं कारण शोधतो.

पायरी ७: तक्ता मांडा आणि तो वाचायला शिका

मघाचाच काल्पनिक प्रोग्राम पुढे नेऊ. कार्यक्षमता म्हणजे स्पीडअप भागिले कोअरची संख्या.

| कोअर | वेळ (सेकंद) | सापेक्ष स्पीडअप | कार्यक्षमता | क्रमिक अंश |
|---|---|---|---|---|
| १ | १२०.० | १.०० | १००% | – |
| २ | ६१.२ | १.९६ | ९८% | ०.०२० |
| ४ | ३२.४ | ३.७० | ९३% | ०.०२७ |
| ८ | १८.६ | ६.४५ | ८१% | ०.०३४ |
| १६ | १२.६ | ९.५२ | ६०% | ०.०४५ |

शेवटच्या स्तंभाकडे वळण्याआधी अॅम्डाल यांची आठवण काढावी लागेल. आयबीएमच्या सिस्टिम/३६० ची रचना करणाऱ्या जीन अॅम्डाल यांनी १९६७ मध्ये मुद्दा मांडला, तो असा: प्रोग्रामचा जो भाग एकामागून एकच चालू शकतो, तो शेवटी सगळ्याला लगाम घालतो. क्रमिक भाग ५ टक्के असेल तर १६ कोअरवर स्पीडअप ९.१, ६४ वर १५.४, आणि कोअर कितीही लावा, २० च्या वर कधीच नाही.

पण दिलेल्या प्रोग्राममध्ये तो भाग किती, हे कसं ओळखायचं? अॅलन कार्प आणि होरेस फ्लॅट यांनी १९९० मध्ये हेच सूत्र उलटं फिरवलं. मोजलेला स्पीडअप स आणि कोअरची संख्या न असेल तर

क्रमिक अंश = (१/स − १/न) ÷ (१ − १/न)

हा अंश कोअर वाढले तरी स्थिर राहिला, तर दोष खरोखर क्रमिक भागाचा आहे. आपल्या तक्त्यात तो ०.०२० पासून ०.०४५ पर्यंत चढत गेलाय. प्रोग्रामचा क्रमिक भाग कोअर मोजून वाढत नसतो. म्हणजे वाढतोय तो दुसराच खर्च: थ्रेडमधला समन्वय, कामाची असमान वाटणी किंवा मेमरीची रांग. दोन कोअरवरचा अंश कायम राहिला असता तर १६ कोअरवर १२.३ चा स्पीडअप मिळाला असता. मिळाला ९.५२. मधलं अंतर म्हणजे तुमची पुढची कामगिरी. नुसता स्पीडअपचा आलेख बघून हा फरक कळत नाही. रेषा थोडी वाकलेली दिसते आणि आपण ‘अॅम्डालचा नियम’ म्हणून मोकळे होतो.

कधी स्पीडअप कोअरच्या संख्येपेक्षाही जास्त येतो. आनंद करण्याआधी डेटाचा आकार बघा. डेटा २४ एमबी आणि प्रत्येक कोअरचा स्वतःचा कॅशे २ एमबी असेल, तर एका कोअरला सतत लांबच्या मेमरीकडे जावं लागतं. सोळांचे कॅशे मिळून ३२ एमबी होतात आणि सगळा डेटा त्यांत मावतो. हा फायदा खरा आहे, पण कॅशेचा. शोध घेणाऱ्या अल्गोरिदममध्ये नशिबाने एखाद्या थ्रेडला उत्तर लवकर सापडलं, तरीही असं होतं. तिथे वेगवेगळ्या इनपुटवर मोजल्याशिवाय काही बोलू नये.

पायरी ८: हरवलेला वेळ शोधा

आधी प्रत्येक थ्रेडची वेळ वेगळी मोजा, बॅरियरच्या अगोदरपर्यंत. सर्वांत संथ थ्रेडची वेळ भागिले सरासरी वेळ, हा आकडा १ च्या जवळ असावा. तो १.३ आला तर बाकीचे थ्रेड हात बांधून एकाची वाट बघत बसलेत. कामाचे तुकडे बारीक करा आणि गतिमान वाटणी, म्हणजे जो थ्रेड मोकळा होईल त्याला पुढचा तुकडा देणं, वापरून बघा. तुकडे फार बारीक केले तर वाटणीचाच खर्च वाढतो, म्हणून तुकड्याचा आकार दुपटीदुपटीने बदलत मोजा.

वाटणी समान असेल तर संशय मेमरीवर. दोन अॅरेंची बेरीज करून तिसऱ्यात ठेवणारा लूप घ्या. आठ बाइटच्या संख्यांत प्रत्येक बेरजेमागे निदान २४ बाइटची ये-जा होते. मेमरी सेकंदाला ४८ जीबी देत असेल तर सेकंदाला २०० कोटी बेरजांच्या वर काही जाणार नाही, मग कोअर ४ असोत की ४०. एक कोअर एकटाच १२ जीबी ओढू शकत असेल, तर चार कोअरवरच वाट भरते. तुमच्या यंत्राची ही मर्यादा मोजायला जॉन मॅककॅल्पिन यांचं स्ट्रीम हे छोटं चाचणी-साधन आहे. त्यातले अॅरे शेवटच्या कॅशेच्या निदान चौपट घ्यायचे, नाहीतर मेमरीऐवजी कॅशे मोजला जातो. प्रोग्राम या मर्यादेच्या जवळ पोहोचला असेल तर कोअर वाढवण्यात हशील नाही. डेटाची ये-जा कमी करा.

आणि मग खोटी भागीदारी, म्हणजे इंग्रजीत ‘फॉल्स शेअरिंग’. हिच्यापायी मी जितके तास घालवलेत तितके दुसऱ्या कशात क्वचितच. समजा आठ थ्रेडसाठी आठ मोजक (काउंटर) एका अॅरेत शेजारी-शेजारी ठेवले. प्रत्येक थ्रेड फक्त स्वतःच्या मोजकाला हात लावतो, म्हणजे तर्काने भांडण नाहीच. पण प्रोसेसर मेमरी बाइट-बाइट हलवत नाही, ओळीने हलवतो. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरमध्ये ती ओळ ६४ बाइटची. आठ बाइटचे आठ मोजक अगदी एका ओळीत बसू शकतात. एका थ्रेडने लिहिलं की बाकीच्या सातांकडची ती ओळ बाद होते, आणि मग ती कोअर-कोअरमधून फिरत राहते. क्रमिक अंश झपाट्याने चढण्याचं हे नेहमीचं कारण. लूपमध्ये थ्रेडचा स्वतःचा स्थानिक चल वापरा आणि शेवटी एकदाच बेरीज करा. ओपनएमपीत रिडक्शन हे काम आपणहून करतं.

लिनक्सची पर्फ स्टॅट ही आज्ञा इथे कामाला येते. प्रोग्राम एका थ्रेडवर आणि सोळा थ्रेडवर चालवून एकूण सूचना (प्रोसेसरने पार पाडलेल्या आज्ञा) आणि एकूण चक्रं (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) यांची तुलना करा. सूचनाच वाढल्या असतील तर जादा काम होतंय, किंवा थ्रेड बॅरियरपाशी घिरट्या घालतायत. सूचना तेवढ्याच पण चक्रं वाढली असतील तर कोअर मेमरीची वाट बघत उभे आहेत.

पायरी ९: मोठं काम देऊन बघा

जॉन गुस्टाफसन आणि सॅन्डिया प्रयोगशाळेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये १०२४ प्रोसेसरच्या यंत्रावर हजाराहून अधिक स्पीडअप दाखवला. त्याआधी, १९८५ मध्ये, किमान २०० चा स्पीडअप दाखवणाऱ्याला शंभर डॉलर द्यायचं जाहीर केलं होतं ते वरच्याच अॅलन कार्प यांनी. गुस्टाफसन यांचं म्हणणं असं की मोठं यंत्र मिळालं की माणूस प्रश्नही मोठा घेतो आणि क्रमिक भाग त्या प्रमाणात वाढत नाही. समांतर धावेतल्या वेळेचा ५ टक्के भाग क्रमिक असेल तर ६४ कोअरवर हा वाढीव स्पीडअप ६४ − ०.०५ × ६३, म्हणजे ६०.८५ येतो. त्याच गटाने काम तेवढंच ठेवूनही मोजलं होतं, आणि तो आकडा हजारावरून ५०० ते ६५० च्या दरम्यान उतरला. दोन्ही आकडे खरे, प्रश्न वेगळे. पायरी १ चा आग्रह म्हणूनच धरला.

ही मोजणी करताना प्रत्येक कोअरचं काम स्थिर ठेवा आणि कोअर वाढवत जा. आदर्श आलेख आडवा असतो. ‘काम’ म्हणजे क्रिया, डेटा नव्हे, हे विसरू नका. दोन चौरस मॅट्रिक्सच्या नेहमीच्या गुणाकारात बाजू दुप्पट केली की डेटा चौपट होतो, पण क्रिया आठपट. आठपट कोअर लावले तरच वाटणी जुळते.

पायरी १०: लिहून ठेवा

अहवालात सेकंदांचा तक्ता हवाच, स्पीडअपचा आलेख त्यानंतर. प्रोसेसरचं मॉडेल, सॉकेट आणि कोअर, टर्बो चालू की बंद, थ्रेड कसे बांधले, कंपायलरची आवृत्ती आणि पर्याय, इनपुटचा आकार, धावा किती, मध्यक की किमान, वेळेत फाइल वाचणं धरलं की नाही, हे सगळं लिहा. हे आज्ञांच्या स्क्रिप्टमधूनच आपोआप फाइलच्या डोक्यावर छापून घ्या. हाताने लिहायचं ठरवलं की तिसऱ्या दिवशी राहून जातं, आणि सहा महिन्यांनी तेच आकडे पुन्हा काढायची वेळ आली की टर्बो चालू होता की बंद, हे कुणालाच आठवत नाही.